कठडा कोणी बांधायचा?

८ डिसेंबर २०२३ रोजी आपल्या जवळच्या तळवडे येथे वाढदिवसाच्या ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्यांच्या विनापरवाना कारखान्यात आग लागली. त्याच दिवशी सहा महिला कामगार मृत्युमुखी पडल्या. जबाबदार कोण?

राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार मालकाने दर जानेवारी व जुलैमध्ये आग विझविण्याची साधने सुस्थितीत असल्याचा दाखला द्यायचा. तपासणीचा अधिकार अग्निशमन अधिकाऱ्याचा. पण परवानाच नाही, त्याची फाइलही नसते. मग ‘नोंद नाही’ एवढे उत्तर पुरेल काय? आपणांस तसे वाटत नाही. ज्याला अधिकार दिला, त्याने शोधलेही पाहिजे.

अनुवाद ग्रंथ नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधायला सांगतो, अपघाताआधी. आपणही शेजारी धोका दिसताच लेखी कळवू या व पोच घेऊ या.