गोष्ट ही अमानत
दिल्लीचे दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले आणि दास्तान सांगण्याची परंपरा खंडित झाली. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने काढलेले 'दास्ताने अमीर हम्झा'चे ४६ खंड होते, सांगणारा नव्हता. २००५ मध्ये महमूद फारुकींनी ती पुन्हा मंचावर आणली.

माझ्या वर्गातील मुले धडा घडाघडा वाचतात. 'पुस्तक मिटून सांगा' म्हटले की माना खाली! दोष त्यांचा नाही. आपण त्यांचे कधी ऐकले? दादी-नानीची गोष्ट ही अमानत आहे. ती कपाटात ठेवून नव्हे, पुढच्याला सांगूनच अदा होते. तरुणांनो, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून सांगा. वडीलधाऱ्यांनो, आपण निदान हुंकार तरी देऊ या.