कोणाचा रविवार?

मुंबईत वांद्र्याच्या जुन्या गल्ल्यांतून रविवारी उशिरा सकाळी फिरावे, तर सुशोभित कॅफेंपुढे जागेची वाट पाहणारी तरुण मंडळी दिसतात. उपासना आटोपून आपल्यापैकीही काही तेथे जातात. न्याहारी आणि दुपारचे जेवण एकत्र करणाऱ्या या ‘ब्रंच’ची शिफारस १८९५ साली गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने केली. रविवारच्या जड जेवणापेक्षा हे खाणे मन प्रसन्न करते, असे त्याचे म्हणणे. ते खोटे नाही. आठवडाभर दमलेल्यांनी मित्रांसमवेत निवांत बसावे, यात पाप कसले?

परंतु याच मुंबईत १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. शब्बाथाची आज्ञाही घरधन्यापाशी थांबत नाही. दास, दासी, उपरा, गुरेढोरे या सर्वांना ती विसावा देते. मग आपल्यापुढे कॉफी ठेवणाऱ्या मुलाचा रविवार कोणता? त्याला सुट्टी मंगळवारी मिळत असेल. पण त्या दिवशी भावंडे शाळेत आणि मित्र कामावर असतात.

कॅफेकडे पाठ फिरवल्याने त्याची भाकर जाईल, विसावा मिळणार नाही. तेव्हा त्याच्याशी आदराने बोलावे, त्याच्या श्रमांची जाण ठेवावी. आणि घरी परतल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा: आपली भांडी घासणाऱ्या बाईंना आपण कोणता रविवार दिला आहे?