बवाजाचे शेत आणि आपली शाळा

पावसाळा सरत आला की धर्मग्रामाच्या शाळेतील एखाद्या वर्गातून पेटीचे सूर ऐकू येऊ लागतात. नाताळच्या गीतांचा सराव सुरू झालेला असतो. गोव्यातील जुन्या धर्मग्रामशाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवणारा मेस्त असे व त्याचे वेतन गावकारीच्या उत्पन्नातून दिले जाई. आज संगीतशिक्षकाचा पगार अनेक शाळांना परवडत नाही. मग गावातीलच कोणी कलावंत आपला वेळ विनामूल्य देतो. आपण त्याला सेवा म्हणतो आणि सेवा हा शब्द उच्चारला की देणे-घेणे मिटले असे समजतो. परंतु जो मोबदला घेत नाही, त्याचे आपण काहीच देणे लागत नाही काय?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेचा व्यवस्थापक होतो. शनिवारी संध्याकाळी एक तरुणी मुलांना व्हायोलिन शिकवायला येत असे. एके दिवशी ती कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली. आवारात काम करणारा एक इसम जिन्यात तिची वाट अडवीत असे. त्या दिवशी त्याने तिचा हात धरला होता. मी ऐकून घेतले, हळहळलो आणि म्हणालो, “बाळ, तू अंधार पडण्याआधी येऊन जात जा.” त्या इसमाला समज दिली, तीही सौम्य शब्दांत, तो मुलाबाळांचा धनी होता, आपल्यातलाच होता. पुढच्या शनिवारी ती आली नाही. नंतरही कधी आली नाही. त्या नाताळला व्हायोलिन वाजले नाही आणि कोणी मला कारणही विचारले नाही.

मी स्वतःची समजूत घातली होती की, ती काही आमची नोकर नव्हे. हजेरीपटावर तिचे नाव नव्हते.

पुढे रूथचा ग्रंथ वाचताना दुसऱ्या अध्यायापाशी मी अडखळलो. रूथ मवाबी, परकी, विधवा. ती बवाजाची मजूर नव्हती; कापणी करणाऱ्यांच्या मागून सांडलेली कणसे वेचणारी होती. तिला मजुरी द्यायची नव्हती, हजेरीपटाचा तर प्रश्नच नव्हता. तरीही पहिल्याच दिवशी बवाज आपल्या गड्यांना ताकीद देतो की, हिच्या अंगाला हात लावायचा नाही. आणि तहान लागली तर त्यांनी भरून ठेवलेले पाणी पी, असे तिला सांगतो. दुसऱ्या शेतात जाऊ नकोस असे तो तिलाही म्हणतो खरा, पण आपल्या शेताची हमी देऊन. रूथ त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वेचत राहिली. अंधाराआधी घरी जा, असे तिला कोणी सांगितले नाही. परक्या शेतात असा प्रसंग ओढवू शकतो हे तिच्या सासूला, नामीला, ठाऊक होते. धोका सर्वांना माहीत होता. मालकाने तो आपला मानला, एवढेच.

कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या मनात काय आहे ते मालकाला कसे कळणार? पाप ज्याचे त्याच्यापाशी. खरे आहे, हात धरणाऱ्याचे पाप माझे नव्हते. पण जिन्यात दिवा नव्हता, तक्रार कोणाकडे करावी हे ठरलेले नव्हते, आणि तक्रार आली तेव्हा बंधन तक्रार करणारीवर पडले. ही तिन्ही माझी होती. मिस्सेच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर कर्तव्यात झालेल्या कसुरीचीही कबुली देतो. ते शब्द माझ्या तोंडून किती सहज निघून जात होते!

या बाबतीत देशाचा कायदा माझ्यापुढे गेला आहे, हे मान्य करताना थोडी लाज वाटते. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारी कार्यक्रमात अल्प मानधनावर काम करणाऱ्या ‘साथिन’ होत्या. त्यांनी बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला आणि १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्या घटनेतून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ साली संसदेने कायदा केला. त्या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दात विनावेतन, स्वेच्छेने काम करणारी स्त्रीही येते. शाळा हे कामाचे ठिकाण ठरते. तेथे ज्यांच्याशी तिचा संबंध येतो अशा बाहेरच्या माणसांपासूनही तिला सुरक्षित ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे तक्रार समिती हवी, आणि तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ पदावरील स्त्री असावी लागते, व्यवस्थापक फादर नव्हे. ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते.

सध्या मी जेथे आहे त्या शाळेच्या जिन्यात आता दिवा आहे आणि समितीची नावे फळ्यावर लिहिलेली आहेत. गेल्या वर्षी मी त्या मुलीला क्षमा मागणारे पत्र लिहिले. तिचे उत्तर आले नाही. ते तिने द्यावे, असे मी पत्रात लिहिलेही नव्हते.