दाखला नव्हे, पुरावा

साध्या पदवी महाविद्यालयात इतिहास आणि कलेचा इतिहास कशासाठी शिकवायचा, या प्रश्नाला हल्ली एकच ठरलेले उत्तर मिळते: वारसा-पर्यटनातल्या रोजगारासाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ मध्ये कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली, तिच्या पाठोपाठ बी.व्होक. आले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कौशल्याला पदवीच्या गाभ्यात जागा दिली. तेव्हापासून इतिहासाचे प्राध्यापकही आपला विषय याच भाषेत मांडू लागले आहेत. रामटेकला गाईड लागतील, नागपूरच्या अजब बंगला संग्रहालयात सहाय्यक लागतील, म्हणून एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढा, म्हणजे विषय टिकेल, असे ते म्हणतात. हेतू चांगला आहे. रिकाम्या होत चाललेल्या वर्गांची काळजी त्यामागे आहे, हेही खरे. तरीही हा बचाव विषयाला आतून पोखरतो असे मला वाटते. इतिहास स्पर्धा परीक्षेसाठी शिकावा म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याची गरज नाही. त्यांना इतिहास नको, गुण हवे आहेत. आपल्या पूर्वजांच्या अभिमानासाठी तो शिकावा म्हणणाऱ्यांचे निष्कर्ष अभ्यासाआधीच तयार असतात. रोजगारवाद्यांचे तसे नाही. ते विषयाच्या बाजूने बोलतात, म्हणून त्यांचेच म्हणणे नीट तपासले पाहिजे.

रोजगार हेच कारण मानले, तर ज्या दिवशी दुसरा अभ्यासक्रम अधिक नोकऱ्या देईल त्या दिवशी इतिहास बंद करणे न्याय्य ठरेल, आणि असा दुसरा अभ्यासक्रम नेहमीच सापडेल. पण माझा मुख्य आक्षेप हा नाही. पर्यटनासाठी शिकवलेला इतिहास वस्तूकडे उलट्या दिशेने पाहायला लावतो. गाईडला गोष्ट आधीच ठाऊक असते. समोरची मूर्ती त्या गोष्टीचा दाखला असते. ऐकणाऱ्याचे समाधान व्हावे अशी त्याच्या कामाची मागणी असते आणि त्यात त्याचा दोष नाही. विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र वस्तू हा पुरावा असायला हवा: त्याला माहीत असलेली गोष्ट मोडू शकेल असा. दाखला आपल्या म्हणण्याच्या मागे उभा राहतो, पुरावा आपल्या म्हणण्याला अडवू शकतो. हा फरक ज्या अभ्यासक्रमात शिकवला जात नाही, त्याला इतिहासाचे नाव देऊ नये.

हे अमूर्त वाटत असेल तर विदर्भातलेच उदाहरण घ्यावे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने नंदिवर्धनहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, प्रवरपूरला राजधानी नेली, हे ताम्रपटांवरून कळते. हे प्रवरपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातले पवनार, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. मिराशी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत. वाकाटकांच्या लेखांचा त्यांनी संपादित केलेला खंड १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही त्याला वगळून या विषयात पाऊल टाकता येत नाही. पवनारला सापडलेल्या शिल्पपटांत त्यांनी रामकथा पाहिली आणि तिथे राममंदिर असल्याचे अनुमान केले. पुढे काही अभ्यासकांना त्यांतल्या काही पटांत कृष्णकथा दिसली. १९९७-९८ पासून रामटेकजवळच्या मनसरला मोठे उत्खनन झाले. मातीखालून विटांची भव्य वास्तू वर आली, प्रवरेश्वराचे नाव असलेली मृण्मुद्रा मिळाली, आणि प्रवरपूर पवनारला नसून मनसरला असावे हे मत बळावले. मिराशींएवढ्या अधिकारी विद्वानाचे अनुमान एका ठिकरीसारख्या मुद्रेने अडचणीत यावे, यात त्यांचा अपमान नाही. ज्या शास्त्राला त्यांनी आयुष्य दिले, ते असेच चालते.

मनसरची गोष्ट इथे संपत नाही. त्या उत्खननामागे बौद्ध संस्थेचा पुढाकार होता, आणि आचार्य नागार्जुनाचे नाव या परिसराशी श्रद्धेने जोडले गेले आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर नागपूरच्या लाखो लोकांसाठी हा प्रश्न पोटतिडकीचा आहे आणि तो तसा असणे योग्यच आहे. दुसरीकडे रामटेकला येणारा भाविक मनसरलाही त्याच यात्रेच्या नजरेने पाहतो. गाईडने इथे काय सांगायचे? बसमधून कोण उतरले यावर ते ठरेल. विद्यार्थ्याला मात्र विचारावे लागेल की कोणती भिंत कोणत्या थरातली, विटेचे माप काय, मुद्रा नेमकी कुठे मिळाली, एकाच टेकडीवर वेगवेगळ्या काळात वेगळ्या पंथांची वस्ती असू शकते का. दोन्ही बाजूंच्या घरांतली मुले आपल्या महाविद्यालयांत एकाच बाकावर बसतात. त्यांना एकाच पुराव्यापुढे उभे करण्याची सोय इतिहासाच्या वर्गाइतकी दुसऱ्या कुठेच नाही.

आजचा अभ्यासक्रम ही सोय वापरत नाही. इतिहासाच्या पुस्तकात राजवट संपली की शेवटी ‘कला व स्थापत्य’ असा एक परिच्छेद येतो: मंदिरांची नावे, लेण्यांचे क्रमांक, दोन विशेषणे. चित्रकला महाविद्यालयांत कलेचा इतिहास शैलींच्या यादीसारखा पाठ होतो. तिथे डोळा तयार असतो, पण ताम्रपट कुणी दाखवत नाही. रामटेकच्या केवल-नरसिंह मंदिरातली मूर्ती दोन्ही वर्गांना एकत्र आणू शकते. नरसिंह म्हटले की आपल्याला मांडीवर फाडलेला हिरण्यकशिपू अपेक्षित असतो. इथे तो नाही. नरसिंह एकटाच, ऐसपैस, हाती चक्र घेऊन बसला आहे. कथा कुठे गेली? की या उपासनेला ती नकोच होती? जवळच त्रिविक्रम आणि वराहही आहेत, मंदिराच्या भिंतीवर वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या घराण्याशी संबंधित झिजलेला लेख आहे, आणि तिच्या ताम्रपटांत ती माहेरच्या गुप्तांची वंशावळ सांगते. एवढ्या सामग्रीवर एक संपूर्ण सत्र चालेल.

यावर रोजगारवादी म्हणतील, हे पदव्युत्तर विभागाचे काम झाले. उमरेड-पवनीहून एसटीने येणाऱ्या, घरात पहिल्यांदाच पदवी घेणाऱ्या मुलांना हे झेपणार नाही. नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहेच, बाकीच्यांना कौशल्य द्या. हा युक्तिवाद कळवळ्याचा असला तरी त्यात एक अन्याय दडला आहे. विचार करण्याचा भाग काहींसाठी आणि सांगून दाखवण्याचा भाग बाकीच्यांसाठी, अशी ही वाटणी आहे. शिवाय ती वस्तुस्थितीलाही धरून नाही. पवनीच्या मुलाच्या गावातच जगन्नाथ टेकडीचा स्तूप आहे, जिथे १९६९-७० मध्ये उत्खनन झाले. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीची शिलावर्तुळे, माहुरझरीची मणी घडवणारी लोहयुगीन वस्ती, नायकुंडची लोखंड गाळण्याची भट्टी, हे सारे या मुलांच्या येण्याजाण्याच्या अंतरात आहे. ब्राह्मी येत नसेल तर ती शिकवता येते. वाकाटक लेखांतली पेटिकाशीर्षक, म्हणजे माथ्यावर पेटीसारखी चौकट असलेली, अक्षरवटिका सरावाने ओळखू येते. मनसरची प्रसिद्ध शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली, ती पाहायला जाणे सर्वांना परवडणार नाही हे मान्य. पण १८६३ पासून उभा असलेला अजब बंगला सिव्हिल लाइन्समध्येच आहे.

शिक्षक कमी आहेत, सहलीला पैसे नाहीत, एका वर्गात शंभर मुले असतात, या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांवर अनुदानाची भांडणे लढलीच पाहिजेत. पण परीक्षेचा एक प्रश्न बदलायला अनुदान लागत नाही. ‘वाकाटककालीन कलेची वैशिष्ट्ये लिहा’ याऐवजी वस्तूचे एक छायाचित्र, तिचे सापडण्याचे ठिकाण आणि एक प्रचलित विधान द्यावे, आणि ही वस्तू त्या विधानाला कितपत आधार देते व कुठे देत नाही ते लिहायला सांगावे. वीस गुणांचा हा प्रश्न अभ्यासमंडळाच्या एका बैठकीत मंजूर होऊ शकतो.