पहिली नोट कोण देतं?



डिसेंबर 2024 मध्ये आपल्या महाकाल मंदिरातल्या काही कर्मचाऱ्यांना अटक झाली. पैसे घेऊन भाविकांना दर्शन घडवल्याचा आरोप होता. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी जीर्णोद्धार केलेलं हे देऊळ, त्यामुळे इथल्या मराठी घरांना ते जास्तच लागलं. फ्रीगंजात भाजीच्या गाडीपाशीही तोच विषय! दोषी कोण ते कोर्ट ठरवेल. आम्ही सेवेकरी बायका मात्र वेगळ्याच प्रश्नावर अडकलो. कचेरी असो, दवाखाना असो की देऊळ, नव्यानं लागलेला मुलगा असली वरकमाई शिकतो कसा? 'चोरी कर' असं तर त्याला कुणीच सांगत नाही.

आम्हाला वाटतं, तो ती मायेच्या माणसाकडून शिकतो. जुना माणूस त्याला रजिस्टर भरायला शिकवतो, साहेब कधी चिडतात ते सांगतो, आजारपणात त्याची पाळी सांभाळतो. मग एका संध्याकाळी खिशात नोट सरकवतो, "चहापाण्याला ठेव रे." मुलानं काही केलेलं नसतं, फक्त पाहिलेलं असतं. पण नोट घेतली की तोंड बंद. परत करावी तर उपकार विसरल्यासारखं होतं, वर "आला मोठा हरिश्चंद्र" हे आहेच. काही वर्षांनी तोच पुढच्या मुलाला काम शिकवतो आणि नोटही देतो, तेही खरोखर आपुलकीनं.

दोष जुन्याचा जास्त, यात वाद नाही. पण नव्याला 'बिचारा' म्हणून सोडून देणं आम्हाला पटत नाही. पहिल्या दिवशी मनाला टोचतंच, आणि ते त्याला कळतं.

शिवाय शिकवणारे काय फक्त नोकरीतच असतात? मुलाला नोकरी लागली की सोयरे विचारतात, "पगार ठीक, वरचं काही?" पाहुणे निघण्याआधी फोन करतात, "भस्मारतीला कुणी ओळखीचं आहे का?"

2028 चा सिंहस्थ जवळ येतोय. रांगा, पार्किंग, गेट, सगळीकडे नवी मुलं उभी राहतील, आपल्या घरांतलीही असतील. एखाद्यानं नोट परत केली तर काही दिवस त्याच्यासोबत कुणी डबा उघडणार नाही. घरी येऊन तो गप्प बसेल. तेव्हा त्याच्याशी काय बोलायचं, यावर गुरुवारी आरतीनंतर बसायचं ठरलंय. ज्यांची मुलं नुकती नोकरीला लागलीत त्यांनी जरूर यावं, मुलांनाही आणावं.