आहार्य आणि अधिकार : लोकप्रतिनिधीच्या अंगावरील लष्करी वेश

१

मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे ओळीने लागतात. तिन्ही शहरांचे सैन्याशी काही ना काही नाते आहे. आणि तिन्ही ठिकाणी ते गणवेशावाचूनचे आहे. उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणचे लष्करी ट्रान्झिट कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील रिकाम्या बराकींत वसविण्यात आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून वसाहतीला आजचे नाव मिळाले. तरीही पत्ता सांगताना तेथील रहिवासी आजही ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच सांगतो. शब्द लष्कराचा, पण लोकांनी त्यात संसार थाटले, दुकाने मांडली, आणि वापराने त्या शब्दातील लष्कर विरून गेले.

अंबरनाथचे नाते श्रमाचे आहे. १९५० च्या दशकात येथे उभ्या राहिलेल्या शस्त्रनिर्मिती कारखान्यांतील कामगार सैनिक नव्हेत. त्यांच्या छातीवर पदके लागत नाहीत. मात्र २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या निगमीकरणाच्या वेळी अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा आला, आणि एक वर्षाच्या मुदतीपुरता का होईना, अशा कारखान्यांतील संपाचा हक्क काढून घेण्याचा अधिकार शासनाला मिळाला. म्हणजे वेश नसताना सैनिकी शिस्तीचा एक भार या कामगारांच्या वाट्याला आला. बदलापूरचे नाते स्मृतीचे. कूच करणारे सैन्य येथे घोडे बदलीत असे, म्हणून हे बदलापूर, अशी व्युत्पत्ती लोक सांगतात. ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरते की नाही, हा वेगळा प्रश्न. लोकांनी ती जपली आहे, एवढे येथे पुरेसे आहे.

वापर, श्रम आणि स्मृती अशा तीन मार्गांनी नागरी जीवन सैन्याशी जोडले जाऊ शकते, हे या तीन शहरांवरून दिसते. या पार्श्वभूमीवर चौथ्या एका मार्गाचा विचार करावयाचा आहे. तो म्हणजे सैन्यात कधीही सेवा न केलेल्या राजकीय नेत्याने सैनिकाचा वेश अंगावर चढविणे. यात नैतिकदृष्ट्या काही गैर आहे काय, आणि असल्यास ते नेमके कोणते?

२

प्रश्न केवळ काल्पनिक नाही. २ मार्च २०१९ रोजी, बालाकोटच्या हवाई कारवाईनंतर काही दिवसांनी, दिल्लीतील एका मोटारसायकल फेरीत भारतीय जनता पक्षाचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष मनोज तिवारी लष्करी धाटणीच्या कपड्यांत सहभागी झाले. टीका होताच त्यांनी दिलेले उत्तर तात्त्विकदृष्ट्या लक्षणीय आहे. सैन्याचा अभिमान वाटतो म्हणून हा वेश घातला, हा त्यातील एक भाग. उद्या नेहरू जाकीट घातले तर तो नेहरूंचा अपमान ठरेल काय, हा दुसरा. पंतप्रधान नरेंद्र मोदी दिवाळीत सीमेवरील जवानांना भेटतात. २०२० मध्ये लोंगेवाला येथे आणि २०२१ मध्ये नौशेरा येथे ते लष्करी वेशात होते. या दोन घटना एकाच मापाने मोजणे योग्य होणार नाही. एक पक्षाची फेरी होती, दुसरी शासनप्रमुखाची सैनिकांशी भेट. आणि अशी भेट अनेक जवानांना आपुलकीची वाटते, हेही नाकारण्याचे कारण नाही. परंतु वेशाचा प्रश्न दोन्हींत उरतोच.

कायद्याकडे वळावे, तर त्याचे उत्तर अपुरे पडते. भारतीय दंड संहितेच्या १४० व्या कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमाने घेतली आहे. सैनिक नसताना सैनिकाचा वेश घालणे अशा तरतुदीखाली तेव्हाच गुन्हा ठरते, जेव्हा आपण सैनिक आहोत असा समज व्हावा हा हेतू असतो. नेत्याच्या बाबतीत हा हेतू जवळजवळ कधीच नसतो. त्याचा चेहरा सर्वांना ओळखीचा असतो, आणि तो ओळखीचा असावा हेच तर त्या वेशाचे प्रयोजन असते. फसवणूक हा जर एकमेव दोष मानला, तर नेता निर्दोष ठरतो. दोष शोधायचा तर तो अन्यत्र शोधला पाहिजे.

३

भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. वेशभूषा ही आहार्यात मोडते. रंगभूमीवरील आहार्य कोणाला फसवीत नाही. राजाचा मुकुट घातलेला नट राजा नाही हे जाणूनच प्रेक्षक रसास्वाद घेतो. मराठी लोकपरंपरेतील बहुरूपी हे याचे आणखी रोकडे उदाहरण. तो फौजदार होऊन दारात येतो, दटावतो, खोट्या गुन्ह्याची धमकी देतो, आणि शेवटी हसून बिदागी मागतो. बिदागीचा हा क्षण निर्णायक आहे. सोंग उतरले याची ती कबुली असते; फौजदाराच्या नावाने मागितलेले काहीही बहुरूपी घरी नेत नाही, बहुरूपी म्हणून मिळालेलेच नेतो.

राजकीय सभेत हा क्षण येत नाही. नेता सोंग उतरवून काही मागत नाही. तो वेशात असतानाच मागतो. आणि जे मागतो ती बिदागी नसून अधिकार असतो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे लोक म्हणतात. धैर्याचेही आणता येत नाही, अशी पुस्ती तिला जोडता येईल. पण धैर्याच्या खुणांचे मात्र आणता येते, आणि अडचण नेमकी तेथे आहे.

नेहरू जाकिटाचा युक्तिवाद येथे तपासता येतो. नेहरू जाकीट ही एका व्यक्तीच्या आवडीतून रूढ झालेली शैली आहे. ते घालण्यासाठी नेहरूंनी कोणतेही व्रत घेतले नव्हते आणि घालणाऱ्यालाही घ्यावे लागत नाही. गणवेश ही शैली नव्हे. तो एका कराराची दृश्य खूण असतो. सैन्याने जानेवारी २०२२ मध्ये नवा लढाऊ गणवेश प्रकट केला आणि पुढे त्याच्या आकृतिबंधाची बौद्धिक संपदा म्हणून नोंदणी केली, ती बाजारातील नकलांना आळा घालण्यासाठी. ही नोंदणी कापडाच्या नक्षीचे रक्षण करते. कराराचे रक्षण तिला करता येत नाही.

४

या करारात सैनिक काय देतो? प्राण पणाला लावण्याची तयारी, हे उत्तर सर्वांना सुचते. परंतु तो आणखी एक गोष्ट देतो, आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. ती म्हणजे त्याचा राजकीय आवाज. १९५० च्या सैन्य अधिनियमाने आणि त्याखालील नियमांनी सैनिकाच्या काही मूलभूत हक्कांना मर्यादा घातल्या आहेत. तो मत देऊ शकतो, पण राजकीय चळवळीत भाग घेऊ शकत नाही, उमेदवाराच्या प्रचारार्थ बोलू शकत नाही. अंगावर गणवेश चढतो तेव्हा सार्वजनिक वादातील त्याचे तोंड बंद होते. सैन्य कोणत्याही पक्षाचे नाही, हा जो विश्वास समाजात आहे, तो या मौनाच्या किमतीवर उभा आहे.

नेता नेमका हा मौनाचा वेश घेतो आणि त्यातून बोलतो. येथे दोषाचे स्वरूप स्पष्ट होते. तो सैनिकाचे रूप चोरतो, असे म्हणणे फारसे नेमके नाही. ज्याला बोलण्याची मुभा नाही, त्याच्या मौनाला तो स्वतःचे शब्द जोडतो. सैनिकाला या शब्दांशी सहमत होता येत नाही आणि असहमतही होता येत नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मिथकमीमांसेत रोलाँ बार्त यांनी एका फ्रेंच साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरील सलाम करणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकाचे विवेचन केले आहे. तेथे खऱ्या सैनिकाचे चित्र साम्राज्याच्या मिथकाचे चिन्हक बनते. येथे त्या प्रक्रियेची पुढची पायरी दिसते : सैनिकाच्या चित्राचीही गरज उरत नाही, नेता स्वतःच मुखपृष्ठ होतो.

निवडणूक आयोगाने डिसेंबर २०१३ मधील सूचनेचा मार्च २०१९ मध्ये पुनरुच्चार करून प्रचारात सैनिकांची छायाचित्रे वापरू नयेत असे पक्षांना बजावले, आणि कारण देताना सैन्यदले अराजकीय व तटस्थ असल्याचे म्हटले. एप्रिल २०१९ मध्ये दीडशेहून अधिक निवृत्त सैनिकांच्या नावाने राष्ट्रपतींना उद्देशून एक पत्र प्रसिद्ध झाले. त्यात पक्षकार्यकर्त्यांनी लष्करी वेश घालण्याचाही उल्लेख होता. त्यांतील काहींनी आपली संमती नाकारली, हा तपशील विसरता कामा नये. परंतु सेवेत असताना पाळलेले मौन निवृत्तीनंतर या प्रश्नावर सुटावे, हे अर्थपूर्ण आहे.

५

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. सैन्यात नसलेल्यांनी गणवेश घालण्याची परंपरा भारतीय राजकारणात जुनी आहे, आणि ती सर्वस्वी त्याज्य मानता येत नाही. १९२८ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये सुभाषचंद्र बोस स्वयंसेवक दलाचे सेनापती म्हणून लष्करी वेशात वावरले, तेव्हा त्यांच्यामागे कोणतीही लढाई नव्हती. महाराष्ट्रात तर या प्रश्नाला आणखी खोल पदर आहे. कोरेगावच्या १८१८ च्या लढाईत लढलेल्या महार सैनिकांच्या समाजाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यभरतीची दारे बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. सुभेदार रामजी सकपाळांच्या पुत्राने १९२० च्या दशकात समता सैनिक दल उभे केले, आणि महार रेजिमेंट स्थापन झाली ती १९४१ साली. मधल्या काळात दलाच्या स्वयंसेवकाने घातलेला गणवेश हा उसना दिमाख होता काय?

नव्हता, आणि का नव्हता हे पाहिले की मूळ दोषाचे निदान पक्के होते. समता सैनिक दलाचा स्वयंसेवक दुसऱ्याचे मौन वापरीत नव्हता. ज्या वेशातून त्याला बाहेर ठेवले गेले होते, त्यावरचा हक्क तो सांगत होता. शिवाय सभांच्या संरक्षणाचा धोका तो स्वतःच्या अंगावर घेत होता. सुभाषबाबूंचा वेश हे वचन होते, आणि १९४३ मध्ये आझाद हिंद फौजेचे नेतृत्व स्वीकारून त्यांनी ते फेडले. दोन्ही ठिकाणी वेश परकीय सत्तेच्या सैन्याची अनुकृती होता. होमी भाभा यांनी दाखविल्याप्रमाणे अशी अनुकृती सत्तेला अस्वस्थ करते. स्वतंत्र देशात, स्वतःच्या सैन्याचा वेश सत्ताधारी किंवा सत्ताकांक्षी नेता घालतो, तेव्हा ती अस्वस्थता उरत नाही. अनुकृती सत्तेला आव्हान देण्याऐवजी तिची सजावट होते. युक्रेनचे अध्यक्ष व्होलोदिमिर झेलेन्स्की यांनीही सैन्यात सेवा केलेली नाही. २०२२ च्या आक्रमणानंतर त्यांनी हिरवट लष्करी छटेचे कपडे स्वीकारले. पण त्यांवर हुद्द्याची चिन्हे नाहीत, आणि ते ज्या राजधानीत राहिले तिच्यावर क्षेपणास्त्रे पडत होती.

तेव्हा कसोटी ‘सेवा केली की नाही’ एवढी सरळ नाही. वेश घालणारा त्या वेशाचा भार कोणत्या रूपाने उचलतो, आणि ज्यांचा तो वेश आहे त्यांच्या मौनाचा उपयोग करतो की नाही, ही खरी कसोटी आहे. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये, पराभवाच्या छायेत, देशाचे संरक्षणमंत्री झाले. महाराष्ट्राच्या स्मरणात असलेले त्यांचे रूप गांधी टोपीतील नागरी रूपच आहे. सैन्याला आज्ञा देण्याचा अधिकार नागरी वेशाकडे असतो, हे लोकशाहीचे तत्त्व त्या रूपात आपोआप व्यक्त होते. नेता लष्करी वेश घालतो तेव्हा, त्याला वाटते तसा तो अधिक अधिकारसंपन्न होत नाही. ज्या नागरी पदामुळे त्याला अधिकार मिळाला, ते पदच तो काही काळ अपुरे ठरवितो.

उल्हासनगरच्या निर्वासितांनी लष्कराच्या बराकी घेतल्या, पण त्यांचा रुबाब घेतला नाही. राहून, कष्टून त्यांनी त्या आपल्याशा केल्या. अंबरनाथच्या कामगाराने वेशाविना भार सोसला. याच दोन शहरांच्या चौकांत निवडणुकीच्या दिवसांत एखादा नेता लष्करी रंगाच्या कपड्यांत उभा राहिला, तर त्याने कोणाला फसविले असा आरोप कोणी करणार नाही. फक्त त्या कामगाराला एवढे विचारता येईल की, आपल्याकडे भार आला आणि वेश आला नाही, याच्याकडे वेश आला. मग याचा भार कोणाकडे आहे?