करकायद्याची जोडपदवी : वाचलेल्या सत्राचा हिशेब

अमेरिकेत कायद्याचे शिक्षण पहिल्या पदवीनंतर सुरू होते आणि तीन वर्षांच्या अभ्यासाअंती ‘ज्युरिस डॉक्टर’, म्हणजे जेडी, ही पदवी मिळते. ही पदवी आणि राज्याची वकिली परीक्षा एवढ्यावर सनद मिळत असल्यामुळे पुढची ‘मास्टर ऑफ लॉज’, म्हणजे एलएलएम, ही पदवी तेथील वकिलाला सहसा लागत नाही. एलएलएमच्या वर्गांत बहुतांशी परदेशांतून आलेले वकीलच दिसतात. या रीतीला ठळक अपवाद आहे तो करकायद्याचा. या एका शाखेत अमेरिकी विद्यार्थीही जेडीनंतर आणखी एक वर्ष देऊन एलएलएम करतात, आणि अलीकडे अनेक विधिविद्यालये दोन्ही पदव्या एकत्र गुंफून त्यातली काही सत्रे वाचवून देतात. अमेरिकन बार असोसिएशनच्या मानकांनुसार जेडीला किमान ८३ श्रेयांक लागतात, एलएलएमला साधारण २४. दोन्ही स्वतंत्रपणे केल्यास आठ सत्रे जातात. पण काही अभ्यासक्रमांचे श्रेयांक दोन्ही पदव्यांत मोजू दिले की हेच काम न्यूयॉर्क विद्यापीठात सात सत्रांत, तर शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सहाच सत्रांत, म्हणजे जेडीच्या नेहमीच्या तीन वर्षांतच, उरकते. एका सत्राचे शुल्क, त्या काळातला राहण्याजेवण्याचा खर्च आणि बुडणारा पगार यांचा विचार केला तर हा सौदा फायद्याचा वाटणे साहजिक आहे. मात्र जो वेळ वाचतो तो नेमका कशातून कापला जातो, हा प्रश्न माहितीपत्रकांत फारसा विचारला जात नाही.

करकायद्यालाच वेगळ्या पदवीचा मान का मिळाला, याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडते. १९१३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने संघराज्याला प्राप्तिकराचा निर्वेध अधिकार दिला खरा, परंतु १९४२ पर्यंत हा कर मुख्यतः श्रीमंतांपुरताच होता. त्या वर्षीच्या महसूल कायद्याने तो सामान्य पगारदारापर्यंत आणला आणि पुढच्याच वर्षी पगारातून उगमस्थानी करकपात सुरू झाली. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, न्यूयॉर्क विद्यापीठाने पदव्युत्तर करशिक्षणाचा कार्यक्रम उभा केला. त्यानंतर १९५४ आणि १९८६ मध्ये करसंहितेची नव्याने मांडणी झाली, आणि दर वेळी तिच्या जोडीला कोशागाराचे नियम, निवाडे आणि महसूल खात्याची परिपत्रके यांचा असा डोंगर उभा राहिला, की प्राप्तिकराचा एखादा प्राथमिक अभ्यासक्रम करून बाहेर पडलेल्या वकिलाला त्यात वाट सापडणे दुरापास्त झाले.

जोडपदवीच्या बाजूने जो खरा युक्तिवाद आहे तो वेळ वाचण्याचा नसून क्रमाचा आहे. करकायद्यातले विषय एकमेकांवर रचलेले असतात. वैयक्तिक प्राप्तिकर समजल्याशिवाय कंपन्यांचा कर उमगत नाही, आणि भागीदारीचा कर तर या दोहोंची चांगली सवय झाल्यावरच हाताशी लागतो. समजा, एका भागीदाराने २०,००० डॉलरला घेतलेली आणि आज १,००,००० डॉलर किमतीची जमीन भागीदारीत घातली आणि दुसऱ्याने १,००,००० डॉलर रोख दिले. ती जमीन त्याच किमतीला विकली गेली, तर भागीदारीच्या दृष्टीने नफा शून्य असतो, पण कराच्या दृष्टीने ८०,००० डॉलरचा नफा झालेला असतो. तो निम्मा-निम्मा वाटला तर रोख रक्कम देणाऱ्यावर त्याने कधी न कमावलेल्या ४०,००० डॉलरचा कर पडेल. म्हणून संहितेचे कलम ७०४(क) हा सगळा नफा जमीन आणणाऱ्याच्याच माथी मारते. इथवर सोपे आहे. परंतु जमिनीचा भाव पडून ती ६०,००० ला विकावी लागली, तर कराच्या हिशेबात ४०,००० चा नफा आणि भागीदारीच्या हिशेबात ४०,००० चा तोटा असा पेच उभा राहतो. रोख देणाऱ्याच्या वाट्याचे २०,००० खरोखर बुडालेले असतात, तरी कराच्या हिशेबात वाटायला तोटाच उरलेला नसतो. हा पेच सोडवायला नियमांनी तीन पद्धती दिल्या आहेत, आणि त्यांपैकी कोणती लागू करायची हे भागीदारांना ठरवता येते. असल्या गणितात बुद्धी मुरायला वेळ लागतो; दुसऱ्या वर्षापासून हे विषय पायरीपायरीने घेणारा विद्यार्थी शेवटच्या सत्रात ज्या तयारीने भागीदारीच्या करापाशी पोहोचतो, ती तयारी एका वर्षात दहा-बारा अभ्यासक्रम कोंबणाऱ्याला क्वचितच साधते.

पण याच उदाहरणाची दुसरी बाजू जोडपदवीच्या पुरस्कर्त्यांना अडचणीत आणणारी आहे. पद्धत कोणती निवडायची हे भागीदारीचा करार ठरवतो, आणि ज्याला करार लिहिता येत नाही, भागीदारांची एकमेकांप्रती कर्तव्ये कोणती हे ठाऊक नाही, मालमत्तेचा हक्क केव्हा कोणाकडे जातो हे सांगता येत नाही, त्याला नुसते कलम पाठ असून उपयोग नाही. अमेरिकेत हक्क निर्माण करतो तो राज्यांचा खाजगी कायदा; संघराज्याचा करकायदा त्या हक्कांवर किती कर बसेल एवढेच सांगतो. म्हणजे करकायद्याचे बहुतेक साहित्य बाहेरून येते, आणि ते ओळखण्याची नजर जेडीच्या त्या अभ्यासक्रमांतून येते, जे वेळ वाचवताना ऐच्छिक म्हणून आधी गळतात.

करतज्ज्ञाला विस्तीर्ण कायदा किती लागतो, याचे एक फार बोलके उदाहरण मॉरिट्झ खटल्याचे आहे. चार्ल्स मॉरिट्झ हे अविवाहित गृहस्थ वृद्ध आईच्या देखभालीवर केलेल्या खर्चाची वजावट मागत होते. तत्कालीन कलम २१४ मध्ये ही वजावट स्त्रियांना, विधुरांना आणि घटस्फोटितांना होती. कधीच लग्न न केलेल्या पुरुषाला नव्हती. वादात होती ती जेमतेम ६०० डॉलरची वजावट. वजावट ही विधिमंडळाची कृपा असते, हक्क नव्हे, या जुन्या भूमिकेवर करन्यायालयाने मागणी फेटाळली. तो निवाडा मार्टिन गिन्सबर्ग या करवकिलाच्या वाचनात आला आणि त्यांनी तो आपल्या पत्नीपुढे, रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्यापुढे, ठेवला. दोघांनी मिळून अपील चालवले आणि १९७२ मध्ये दहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ही तरतूद घटनेच्या समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. सरकारने सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेताना, असाच भेद करणाऱ्या संघीय कायद्यांची संगणकावर काढलेली यादी अर्जाला जोडली, जेणेकरून या निकालाने काय काय धोक्यात येईल हे दिसावे. न्यायालयाने अर्ज ऐकायला घेतला नाही. यादी मात्र रूथ गिन्सबर्ग यांना पुढच्या लढ्यांसाठी आयती मिळाली. निव्वळ करतज्ज्ञाला त्या निवाड्यात एक बरोबर सोडवलेले उदाहरण दिसले असते; नुसत्या घटनातज्ज्ञाने करन्यायालयाचे निवाडे मुळात उघडलेच नसते. समलिंगी विवाहांबाबतचा २०१३ चा विंडसर निकालही वारसा-संपत्तीवरील ३,६३,०५३ डॉलरच्या कराचा परतावा मागण्यातूनच आला, हे येथे आठवावे.

करकायदा हे स्वतंत्र बेट आहे, ही समजूत न्यायालयांनीही मोडीत काढली आहे. २०११ च्या मेयो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने करविषयक नियमांना प्रशासकीय कायद्याचे सर्वसाधारण निकषच लावले, आणि २०२४ मध्ये लोपर ब्राइट निकालाने, संदिग्ध कायद्याचा खात्याने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयांनी मान्य करावा, हा चाळीस वर्षांचा दंडकच रद्द केला. आता कोशागाराच्या एखाद्या नियमाला आव्हान द्यायचे तर नियम कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या रीतीने केला गेला, हे तपासावे लागते. म्हणजे प्रशासकीय कायदा हा करवकिलाच्या रोजच्या कामाचा भाग झाला आहे.

यात संस्थांचा स्वार्थही पाहायला हवा. बार असोसिएशन जेडीला मान्यता देते. एलएलएमला तशी मान्यता देत नाही, त्या कार्यक्रमामुळे जेडीला बाधा येणार नाही ना, एवढेच पाहते. साहजिकच एलएलएम हा विद्यालयाच्या हातातला मोकळा, आणि उत्पन्न देणारा, कार्यक्रम ठरतो. जोडपदवीत विद्यार्थी एक सत्र वाचवतो हे खरे, पण जो अन्यथा जेडीवर थांबला असता किंवा चार वर्षे नोकरी करून दुसऱ्या विद्यापीठात गेला असता, तो तेथेच बांधला जातो. आणि हा निर्णय त्याला पहिल्या-दुसऱ्या वर्षात घ्यावा लागतो, जेव्हा त्याने कराचा जेमतेम एक अभ्यासक्रम केलेला असतो. हिशेबतपासनीस म्हणून आधी काम केलेल्याला ही अडचण नसते. त्याच्यासाठी जोडपदवी योग्यच आहे. इतरांनी मात्र आधी सनद घ्यावी, कामात कर खरोखर आवडतो का ते पाहावे आणि मग नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांत एलएलएम करावे, हा मार्ग खर्चिक असला तरी अधिक शहाणपणाचा आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या वादाचे एक टोक जवळचे वाटेल. भारतात प्राप्तिकराचे बरेचसे काम चार्टर्ड अकाउंटंट करतात. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २८८ ने त्यांना वकिलांप्रमाणेच न्यायाधिकरणापुढे उभे राहण्याची मुभा दिली, त्यामुळे करात मुरलेले वेगळे वकील घडवण्याची निकड येथील विधिविद्यालयांना अमेरिकेइतकी भासली नाही. तरीही मुंबईच्या वकिलीने जो करकायदेपंडित दिला, त्या नानी पालखीवालांनी १९५० मध्ये जमशेदजी कांगांसह प्राप्तिकरावरील ग्रंथ लिहिला आणि पुढे केशवानंद भारती खटल्यात घटनेच्या मूलभूत चौकटीसाठी युक्तिवाद केला, ज्याचा निकाल १९७३ मध्ये लागला. जोडपदवीचा अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी दुहेरी मोजणीची सवलत फक्त करविषयांना देऊन घटना, प्रशासकीय कायदा, मालमत्ता आणि भागीदारी हे चार विषय सक्तीचे ठेवले, तर आठवे सत्र वाचवूनही असा वकील घडण्याची शक्यता शिल्लक राहते. सहा सत्रांत ती राखणे मात्र अवघड दिसते.